न धुतलेलं फडकं

६ तारीख, दुकानातून

फोन न उचलणाऱ्या माझ्या लेकास,

आशीर्वाद नंतर, आधी बोलणी खा. फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही, म्हणून हा खटाटोप. तुमच्या बोगद्याच्या कॅम्पचा ट्रकवाला दर दोन-तीन दिवसांनी इकडे सामान भरायला येतो, त्याला पकडलंय. पत्र पोचवायच्या बोलीवर त्याचे कपडे मी धुऊन देणार आहे. काय मळवतो रे तो माणूस! तेव्हा निदान माझ्या साबणाची लाज राखून हे शेवटपर्यंत वाच.

तुझी मुलगी छान आहे. चांगले दोन महिने आधी आली, तरी छान आहे. मी तिला बटण म्हणते, कारण नाक अगदी कॉलरच्या बटणाएवढं आहे. सूनबाईला हे नाव आवडलेलं दिसत नाही, पण ती काही म्हणाली नाही. हल्ली ती कुणाला काहीच म्हणत नाही.

बटणाची इस्पितळातली खोली तू पाहिलीस म्हणे. कसली पाहिलीस! एका दमात आत गेलास आणि दुसऱ्या दमात बाहेर. मी मात्र आता रोज जाते. काचेच्या पेटीवर जाड पांघरूण घातलेलं असतं, दिवे मंद, आणि कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. ही बाळं अजून पोटातच असायला हवी होती ना, म्हणून बाहेरही पोटातल्यासारखं करून द्यायचं, असं तिथली सिस्टर सांगते. ती सारखी ओठांवर बोट ठेवून शू-शू करत फिरते. मी तिचं नावच शू-सिस्टर ठेवलंय.

आता माझा आवाज तुला माहीत आहे. कपड्यांच्या भट्टीपुढे उभं राहून रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाईकाशी बोलण्यात जन्म गेला. पहिल्या दिवशी मी आत शिरून नुसतं "अगं बाई, केवढीशी ही!" म्हटलं, तर चार पेट्यांतली चार बाळं दचकली. शू-सिस्टर जवळ आली. मला वाटलं, आता काढते बाहेर. तर म्हणाली, "आजी, आवाज चांगला आहे तुमचा. फक्त अर्धा बाहेर ठेवून येत जा." तेव्हापासून मी आत कुजबुजते. तुझे बाबा म्हणतात, एवढी वर्षं आपण कुठल्या इस्पितळात जायला हवं होतं ते आत्ता कळलं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना शिकवली. बटणाभोवती टॉवेलची गुंडाळी करून घरट्यासारखा खळगा करतात, म्हणजे हातपाय पोटाशी राहतात, भलतीकडे फेकले जात नाहीत. त्यांची गुंडाळी पाहून माझ्याच्यानं राहवेना. मी उलगडून नीट करून दिली. शू-सिस्टरनं पाहिलं आणि बाकीच्या पेट्यांचे टॉवेल आणून माझ्यापुढे टाकले. आपल्या धंद्याला कमी लेखू नकोस, कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

सूनबाईला एक ओळ लिही. मी तुला लिहिते हे तिला माहीत नाही. कळलं तर माझी धडगत नाही, तेव्हा तूही वाच्यता करू नकोस.

आई


११ तारीख, दुकानातून

बाळा,

उत्तर नाही. बरं.

मागच्या पत्रात मी "छान आहे" असं दोनदा लिहिलं. तू माझा मुलगा आहेस, दोनदा लिहिलं म्हणजे काहीतरी आहे हे तुला कळलंच असेल. बटण मधूनच श्वास घ्यायचं विसरते. लवकर आलेली बाळं विसरतात, असं डॉक्टरीणबाई म्हणतात, हळूहळू हे कमी होईल म्हणतात. पेटीवरची घंटी वाजते, शू-सिस्टर येऊन तिच्या तळव्याला हलकं चोळते आणि मग आठवतं हिला. तेवढा वेळ मी पेटीबाहेर माझाच तळवा चोळत उभी असते.

आता माझा पराक्रम ऐक, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेला बरा.

इस्पितळात पांढऱ्या मऊ कापडाची दोन छोटी फडकी दिली आहेत. एक सूनबाईनं छातीशी ठेवायचं, दुसरं बटणाच्या जवळ असतं. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. सूनबाईनं परवा घरी धुवायच्या कपड्यांची पिशवी दिली, त्यात एक फडकं चुकून आलं. मी उघडून बघते तर पांढऱ्याशुभ्र कापडावर दुधाचा भलामोठा डाग! आपल्या दुकानातून असं फडकं परत गेलं तर लोक काय म्हणतील? मी ते उकळलं, घासलं, नीळ दिली. तुझ्या बाबांनी खळ घालून अशी इस्त्री केली की फडकं नुसतं टेबलावर उभं राहिलं असतं. कागदात गुंडाळून मिरवत घेऊन गेले आणि शू-सिस्टरच्या हातात दिलं.

तिनं ते नाकाला लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसून तोंडावर हात दाबून हसायला लागली. तिथे हसायचं तेही बिनआवाजाचं! मला काही कळेना. तेव्हा तिनं मला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं, "आजी, तिला डोळ्यांनी अजून धड दिसत नाही. आई तिला वासानं कळते. ह्या फडक्यात तिची आई होती."

मी तिची आई धुऊन टाकली रे. वर खळ घालून!

दुसरं फडकं त्या दिवशी ओलं झालं म्हणून काढून ठेवलं होतं, त्यामुळे दुपारभर बटणाजवळ काहीच नव्हतं. ती हाताची बोटं ताठ पसरून होती. बोटं अशी पसरली की "पुरे, मला सोसत नाही" असं ते म्हणणं असतं, हे मी आता शिकले आहे. मी भिंतीकडे तोंड करून रडले. डाग दिसला की धुवायचा, जित्याची खोड म्हणतात ती ही.

पण एक झालं. सूनबाईला सांगितलं तर ती एकदम म्हणाली, "म्हणजे सासूबाईंनी मला शेवटी भट्टीत घातलं." आणि हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली. लगेच डोळे भरून आले ते सोड.

आई


१७ तारीख, दुकानातून

बाळा,

तुझी चिठ्ठी मिळाली. ट्रकवाल्यानं खिशातून काढली तेव्हा माझ्या जिवात जीव आला, आणि वाचल्यावर पुन्हा गेला. "आई, तूच बघ तिच्याकडे. माझे हात दगड फोडायचे आहेत. मी एकदाच हात लावला आणि काय झालं ते मी पाहिलंय." एवढंच. कॅम्पात कागद कमी पडतो का रे?

तुझ्या बाबांना वाचून दाखवली. त्यांनी इस्त्री बाजूला उभी केली आणि म्हणाले, "म्हणजे पळाला नव्हता. घाबरला होता." त्यांच्या हिशोबानं हे भाषणच झालं.

मी तशीच उठले आणि शू-सिस्टरला जाऊन विचारलं, त्या दिवशी काय झालं. तिला तू पक्का आठवतोस. तिनंच तुला सांगितलं ना, पेटीच्या खिडकीतून हात आत घाला म्हणून? तू हात ठेवलास, घंटी वाजली, बरोबर? आता नीट वाच. बटणाच्या पायाला वायर बांधलेली असते, ती निसटली होती. घंटी त्या वायरची होती. बटणाचा श्वास चालू होता, रंग गुलाबी होता, तिला काहीसुद्धा झालं नव्हतं. सिस्टरनं वायर बसवली आणि तुला सांगायला वळली, तर तू नाहीस. ती तुझ्या मागे येणार तेवढ्यात पलीकडच्या पेटीची घंटी वाजली, तिला तिकडे पळावं लागलं. फार चुटपुट लागली आहे तिला. म्हणाली, "आजी, त्या माणसाला मी एक वाक्य सांगायला हवं होतं." ते वाक्य मी आता सांगते. तुझ्या हातानं काही झालं नाही.

आणि हाताचं म्हणशील तर ऐक. ह्या बाळांना बोटांनी गोंजारलेलं सोसत नाही, त्यांना ते टोचल्यासारखं होतं. एक तळवा डोक्याशी, एक पावलांशी, आणि मग हलवायचा नाही, नुसता ठेवायचा. जड हात असेल तर उत्तम, असं सिस्टर म्हणते. माझे हात सारखे चुळबुळतात, मला कायम ओरडा बसतो. तुझा पंजा तर शाळेत मास्तर उडणाऱ्या कागदांवर वजन म्हणून ठेवायचे. मग सांग, कुणाचा हात चांगला?

सूनबाईला मी सगळं सांगितलं. तुला लिहिते तेही सांगितलं. मला वाटलं, ऐकून विरघळेल. ती शांतपणे म्हणाली, "घाबरला होता तर मला सांगायचं. मीही घाबरले होते. शिवलेलं पोट धरून दिवसभर दाराकडे बघत पडले होते." मी तिच्या हातात गरम दूध दिलं.

बटणाला घरी सोडतील तेव्हा तिला घेऊन सूनबाई इकडे येणार नाही. भावाकडे जाणार आहे. भाऊ खोली रंगवतोय. मी अडवलं नाही, मला ते तोंड नाही. पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. अजून वेळ आहे, आणि तो माझ्या हातात नाही, तुझ्या हातात आहे.

आई


२२ तारीख, घरातून, अंथरुणातून

बाळा,

घाईत लिहिते. घरात तापाची साथ शिरली. आधी मला खोकला, मग तुझ्या बाबांना, आणि काल, रात्री इथे झोपायला येणाऱ्या सूनबाईलाही सडकून ताप. आमच्यापैकी कुणालाही त्या खोलीत पाऊल टाकायची परवानगी नाही. एरवी साधी सर्दी म्हणून आपण दुकान उघडतो, पण त्या बाळांना तीच सर्दी महागात पडते.

आजवर सूनबाई रोज दुपारभर बटणाला उघड्या छातीवर घेऊन बसायची. कातडीला कातडी, वरून चादर. तशी घेतली की बटण श्वास विसरत नसे, आईच्या तालावर घेत राही. कशी मस्त पसरायची तिच्यावर, हात तोंडाशी नेऊन! वजनही चढत होतं. आता ती दिवसभर पेटीत एकटी आहे. सिस्टर लोक जमेल तेवढं करतात, पण त्यांना दहा बाळं. घंटी पुन्हा जास्त वाजायला लागली आहे. वजनाचा काटा तिथेच अडून बसलाय. मी फोनवर विचारते आणि शू-सिस्टर खरं तेच सांगते, म्हणून मीही तुला खरं तेच सांगते.

आजारी माणसाचं फडकं आत नेत नाहीत. मग मी सिस्टरला विचारलं, बापाचं चालेल का? ती म्हणाली, चालेल की, बापाचा वासही तिचाच आहे.

सोबत एक स्वच्छ फडकं पाठवते. अंघोळ करून छातीशी ठेव, शर्टाच्या आत. एक दिवस, एक रात्र राहू दे. मग झाकणाच्या डब्यात घालून ट्रकवाल्याबरोबर परत पाठव. एवढंच कर. यायला सांगत नाही. फडकं तर पाठवशील?

सूनबाई तापात पडल्या पडल्या सगळं ऐकत होती. "नको" म्हणाली नाही.

आई


२७ तारीख, दुकानातून

अरे गाढवा,

डबा आला. ट्रकवाला स्वतः इस्पितळाच्या दारापर्यंत आला, आम्ही सगळे बाहेरच्या बाकाशी जमलो, मी खोकत, सूनबाई शाल पांघरून, ताप नुकता उतरलेला. शू-सिस्टर हातमोजे घालून डबा घ्यायला बाहेर आली. झाकण उघडलं.

पांढरंशुभ्र. इस्त्री केलेलं. तीन घड्या, कडेला कड, कुठे रेघभर चूक नाही.

सिस्टरनं ते नाकाला लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथल्या तिथे समजले. खाण तशी माती म्हणतात ती उगीच नाही! मी तुला पाळण्यातून हेच शिकवलं, की आपल्या घरातून मळकं कापड बाहेर जात नाही. आता तुला ओरडू तरी कुठल्या तोंडानं? पण कॅम्पात तुला इस्त्री मिळाली कुठून?

ते ट्रकवाल्यानं सांगितलं. तू म्हणे फडकं एक दिवस नाही, तीन दिवस छातीशी ठेवलंस. बोगद्यातही काढलं नाहीस. मग पाठवायच्या वेळी बघतोस तर दगडाची धूळ बसून ते करडं झालेलं. "ही धूळ तिच्या छातीत जाईल" म्हणून तू घाबरलास आणि तीनदा धुतलंस, आणि साहेबाच्या तंबूतून इस्त्री मागून आणलीस. ट्रकवाला म्हणाला, "आजी, धुणं धुणाऱ्या बाईसारखे हात चालत होते त्याचे, आणि डोळ्यांतून पाणी."

मी हसले आणि हसता हसता मला खोकल्याची उबळ आली. पण सूनबाई हसली नाही. तिनं सिस्टरकडून ते फडकं घेतलं, उलटंसुलटं केलं, घडीवरून बोट फिरवलं. मग ट्रकवाल्याला विचारलं, "तीन दिवस?" तो म्हणाला, "मोजून." तिनं फडकं परत घडीवर घातलं आणि शालीच्या आत ठेवून दिलं.

धूळ तिला बाधेल, हे तुझं खरं आहे. वास राहावा आणि धूळ जावी असा साबण आपल्याकडे नाही, कुणाकडेच नाही. आता एकच उपाय आहे. आता फडकं नको पाठवूस. छातीच घेऊन ये.

सूनबाईला अजून चार दिवस आत सोडणार नाहीत, मला तर खोकला थांबेपर्यंत नाहीच. बटणाला आत्ता कुणीही नाही. तुझ्यात ताप नाही, खोकला नाही, आणि हात जड आहेत. ट्रकवाला हे पत्र देऊन दुसऱ्या दिवशी रिकामा परत निघतो आहे. त्याच्या शेजारची जागा मी तुझ्यासाठी सांगून ठेवली आहे. बसायचं की नाही ते तू ठरव.

आई


बाहेरच्या बाकावरून

बाळा,

हे सिस्टरच्या हाती आत पाठवते. तुझ्या खिशात ठेव म्हणणार होते, पण अंगात शर्टच नाही तर खिसा कुठला! तू हलू नकोस. वाचायला मान उचलू नकोस. सिस्टर तुझ्या डोळ्यांसमोर कागद धरेल.

मी तुला खोलीच्या काचेतून पाहते आहे. तू ट्रकमधून उतरलास तो करड्या पुतळ्यासारखा. पाया पडायला मी तुला वाकू दिलं नाही, सगळी धूळ माझ्या लुगड्याला लागली असती. शू-सिस्टरनं तुला अंघोळीला पिटाळलं, नखं कापायला लावली, छाती दोनदा धुवायला लावली. तिथे साबण चालतो बरं, माणसाचा वास आतून परत येतो म्हणे.

मग तिनं बटणाला उचलून तुझ्यावर ठेवलं तेव्हा तू डोळे घट्ट मिटून घेतलेस. तू घंटीची वाट बघत होतास, मला इथून कळत होतं, कारण मीही तेच करत होते. घंटी वाजली नाही. बराच वेळ वाजली नाही. मग तू एक डोळा उघडलास. लहानपणी औषध प्यायल्यावर उघडायचास तसा.

तुला दिसत नसेल म्हणून सांगते. तुझ्या पंजाखाली तिची अख्खी पाठ झाकली गेली आहे, आणि बोटं मिटलेली आहेत. पसरलेली नाहीत. एक हात तोंडाशी गेलाय. ह्याचा अर्थ काय ते मी तुला मागेच लिहिलं होतं.

तू मला खुणेनं विचारलंस, ती कुठे आहे. सूनबाई माझ्या शेजारीच आहे. इतका वेळ काचेपाशी उभी होती. ती तुझ्याशी काही बोललेली नाही, आणि तू बाहेर आलास की लगेच बोलेल असंही समजू नकोस. तिला ऐकायचं आहे तुझ्याकडून, माझ्याकडून नाही. आज, तुझ्या तोंडानं, रडलास तरी चालेल. भावाकडे जायचं का इकडे यायचं, हे मी विचारलं नाही. तुम्ही दोघं बघा.

पण एक सांगते. तू अंघोळीला गेलास तेव्हा तुझा तो मळका शर्ट खुर्चीवर टाकून गेलास. शिपायानं तो बाहेर आणून दिला. मी सवयीनं हात पुढे केला, म्हटलं आण, दुकानात नेते, उकळायलाच हवा हा. तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "आई, आज राहू द्या."

आता ती बाकावर आडवी झाली आहे. कित्येक दिवसांनी गाढ झोपली आहे. तुझा शर्ट गुंडाळून डोक्याखाली घेतलाय. सगळी धूळ तिच्या गालाला लागली आहे.

मी पुसली नाही.

आई